दिसणारं सगळं

गायधनी गुरुजींच्या वह्या मी स्कॅन करते,
पंचवटीत, जिन्याखालच्या खोलीत.
पानाला तीन रुपये. फाटकं असेल तर पाच.
कुळ, गाव, कोण कधी गंगेवर आलं, कुणाचं काय घेऊन आलं.
मोडीतलं गुरुजी वाचून दाखवतात, मी फाइलीला नाव देते.
डोक्यावर तापलेला पत्रा, आणि दाराबाहेरून
कुंडावरची माणसं ओले पंचे पिळत जातात.

सिन्नरचे रंगनाथ भडांगे आले.
म्हणाले, आमच्यातलं एक नाव
पोरांना दिसायला नको. बहिणीचं.
गुरुजी म्हणाले, वहीतलं नाव खोडत नसतात.
"खोडू नका हो. फक्त दिसू नये."
मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
नळ गळायला लागला की प्लंबरकडे पाहतात तसं.

मी म्हटलं, सोपं आहे.
फाइलीच्या नावाआधी एक टिंब द्यायचं.
एवढंसं. आरशाला चिकटवून विसरलेल्या टिकलीएवढं.
फाइल जागेवरच असते, वजनही तेवढंच,
फक्त खिडकीत उभी राहत नाही.

गुरुजींनी मान हलवली.
टिंब दिलं म्हणजे नाव बदललं.
इंदुमतीच्या आधी काही लागत नाही.

मग दुसरी तऱ्हा होती.
त्याच फोल्डरात एक साधी फाइल करायची, डॉट हिडन नावाची,
आणि तिच्यात, एका ओळीत एक,
लपवायच्यांची नावं जशीच्या तशी लिहायची.
नावाला धक्का नाही.
यादी मात्र स्वतःच लपलेली.

गुरुजी बराच वेळ उपरण्याचं टोक चाळवत बसले.
"अशी यादी घरोघर असते," म्हणाले. "लिही."

नाव नीट टंकायचं म्हणून पान पुन्हा उघडलं.
नऊ ऑगस्ट सत्त्याऐंशी.
आईच्या अस्थी घेऊन आले. सोबत कोणी नाही.
खाली सही, निळ्या बॉलपेनची,
शेवटची वेलांटी कडेच्या बाहेर गेलेली.
त्या पानावर रंगनाथ कुठेच नव्हते.

सेव्ह केलं. रिफ्रेश केलं.
गेली.

गुरुजींना आता कंट्रोल धरून एच दाबता येतं.
संध्याकाळी आरतीला जायच्या आधी येतात, उभ्याउभ्याच दाबतात.
तीन नावं वर येतात, फिकट,
धुतलेल्या पाटीवर आधीचं अक्षर दिसावं तशी.
ते ओठातल्या ओठात वाचतात, पुन्हा एच दाबतात
आणि चष्मा पुसत निघून जातात.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मार्चमध्ये डिस्क खडखडायला लागली.
एमजी रोडवरून नवी आणली.
सगळं निवडा म्हटलं, मशीनने निवडलं.
सगळं म्हणजे दिसणारं सगळं,
हे त्याने कधी लपवलं नव्हतं, मीच विसरले.
जुन्यात चार हजार एकशे बारा.
नव्यात चार हजार एकशे आठ.
तीन माणसं आणि एक यादी.

रात्रीचे नऊ झाले होते. भेळवाला गाडी आवरत होता.
मी परत बसले. कंट्रोल, एच.
चौघांना एकेक करून उचललं.
गुरुजी दारात कुलूप घेऊन उभे. झालं का?

थांबा जरा, म्हटलं,
इंदुमती येतेय.