चौथं पाणी

पहिलं पाणी दुधासारखं गेलं.
दूध सोडून मला तीन वर्षं झाली,
उपमा अजून सुटत नाही.

हळदोण्यात, भाड्याच्या घराच्या मागल्या दारी
पातेल्यात कणकेचा गोळा बुडवून बसले आहे.
गहू बेळगावचा, पाणी विहिरीचं,
कृती चार जणांकडून ऐकलेली.
चौघांनी शेवटी एकच सांगितलं: धीर सोडू नका.

दुसरं पाणी.
गोळा बोटांतून निसटतो, त्याचा चुरा होतो,
वाटतं, झालं, गेलं सगळं वाहून.
गडहिंग्लजला गच्चीवर
आई कुरडयांसाठी गहू भिजवायची,
तीन दिवस. आंबूस वास जिन्यापर्यंत.
वाटायची, पिळायची,
चीक झाकून ठेवायची, कुणाची सावली पडू न देता,
आणि चोथा शेजारच्या म्हशीपुढं.
आज मी चीक ओतते आहे माडाच्या आळ्यात
आणि चोथ्यातलं जे चिवट ते धरून बसले आहे.
फोनवर आईला सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, पण मग म्हैस कुठाय?

तिसरं पाणी.
फाटकाबाहेर मासेवाल्याचा भोंगा.
पूर्वी थांबायचा.
आता नुसतं बघून पुढे जातो,
आजारी माणसाच्या घरावरून जावं तसा.
घरमालकीण क्लोतिल्दबाय पायरीवर येऊन उभी:
"कितें गो धुयता?"
कणीक.
"कणीक कोण धुता?"
उत्तर नव्हतं. पाणी बदललं.

चौथं पाणी.
जवळजवळ नितळ. तळाशी माझीच बोटं दिसतात
आणि बोटांत हे:
राखाडी, ओढलं की लांबणारं, सोडलं की परत येणारं,
एवढ्या थोरल्या गोळ्यातून मूठभर.
वास नाही. चव त्याहून नाही.
जीव गेल्याची कुठली खूण नाही,
जीव आल्याचीही नाही.
याला मांसाऐवजी म्हणायचं.
कुणाच्या तरी ऐवजी असणं
काय असतं, ते मला
बदली कारकून म्हणून अकरा वर्षं ठाऊक आहे.

क्लोतिल्दबायनं ते बोटानं दाबून पाहिलं,
काही न बोलता आत गेली
आणि बरणी घेऊन आली. चोरिसांचा मसाला:
सुकी मिरची, लसूण, मिरं, लवंग, दालचिनी,
माडाच्या शिर्क्यात वाटलेलं, लालभडक.
मिंगेल जाऊन सहा वर्षं झाली,
बरणी दर वर्षी भरतेच.
"हाताक संवंय," म्हणाली.

दोघींनी मिळून मसाला चोळला,
फडक्यात गुंडाळून वाफवलं,
मग तिनं सुतानं बांधलं, गाठीमागे गाठ,
रोजारीचे मणी ओढावेत तशी तिची बोटं.
बांधता बांधता, माझ्याकडे न बघता, सांगितलं,
चाळीस वर्षं चोरीस केले, एकदाही खाल्ले नाहीत.
लहानपणापासूनच घशाखाली उतरत नव्हते.
कुणाला कळलं नाही?
"रांदपी निमाणी जेवता. कोण पळयता?"
मीठसुद्धा वासावर घालायची.

कांद्यावर परतलं. धुरानं डोळे चुरचुरले.
तिचं मांजर आलं, हुंगलं,
आमच्याकडे एकदा नीट बघितलं
आणि भिंतीवरून निघून गेलं.
पोदेराचा उरलेला पाव होता, तो फोडला.

ती हळू चावत राहिली, डोळे मिटून.
मी विचारलं, मासासारखं लागतं?
मग आठवलं, विचारून काय उपयोग.

"मीठ चड जालां," ती म्हणाली.
पुन्हा एक घास.
"चड जालां गो."
आणि मग हसायला लागली, पदराच्या जागी
गाऊनची बाही तोंडावर धरून,
थांबेचना.
"चाळीस वर्सां!
मिंगेल केन्नाच कांय सांगूंक ना."