चढ-उतार

दांडिया बाजारात, फरसाणच्या दुकानावर,
जिथे शेवेचा वास जिन्यानं आधी चढतो
आणि आम्ही मागून,
फाल्गुनीबेनचा स्पोकनचा क्लास.
बेन म्हणतात, दोन मिनिटं बोला:
एखादा बँड निघाला कसा, चढला कसा, पडला कसा.
त्यात सगळे काळ येतात.
भूतकाळ तर येतोच.

कीर्तननं विलायतेतले चार पोरगे आणले,
गिरणीच्या गावातले, केस वाढवलेले.
तीन रेकॉर्डी, एक विमान, एक भांडण.
झरझर बोलला.
परीक्षेतल्या मार्कांनाही बँडच म्हणतात;
त्याला मागच्या खेपेला साडेसहा होते,
मला साडेपाच.

माझ्याकडे विलायत नव्हती.
मी म्हटलं, माय फादर हॅड अ बँड.

गुड, बेन म्हणाल्या. मग?

मग काय. नवप्रभात ब्रास बँड, रावपुरा.
मोठ्या ढोलावर सन लिहिलेला, पत्र्याच्या इंग्रजी आकड्यांत.
एका वरातीत शेवटच्या नवाचा खिळा निसटला,
नऊचा सहा झाला,
बँड एका रात्रीत तीन वर्षांनी म्हातारा.
इंग्रजीशी आमच्या घराचा संबंध एवढाच.

बाबा ट्रम्पेट, गुलामनबीचाचा क्लॅरिनेट,
बाकीचे वीसबावीस
दिवसा रिक्षा चालवणारे, मांजा रंगवणारे,
संध्याकाळी लाल कोटात सगळेच सुभेदार.
बाबा वाजवायचे, असं सांगायचं होतं.
बेन म्हणाल्या, यूज्ड टू प्ले.
आपण शेवटी नुसतं 'यचे' लावतो,
त्यांना आधी 'वापरलं' म्हणावं लागतं,
जुन्या बाजारातल्या मालासारखं.
ही यूज्ड टू प्ले.
दोन गाण्यांच्या मध्ये ट्रम्पेट उलटं करून
लाळ झटकायचे, तेही सांगितलं.
लाळेला शब्द सुचेना.
म्हटलं, वॉटर.

नाऊ द फॉल, बेन म्हणाल्या.

कारेलीबागेतली वरात.
नवऱ्याच्या मित्रांनी नोटा उधळल्या,
पाचशेची एक गेली थेट
सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या घशात.
चाचा म्हणाले, सगळ्यांची आहे.
बाबा म्हणाले, भोंगा माझ्या पैशांचा आहे.
बस, एवढंच.
नोट काढेपर्यंत सूर बसलेला,
काढल्यावर माणसं.
सहा महिने दोघं एकाच रांगेत वाजवत राहिले,
न बोलता,
मग टेम्पोवरून डीजे आला
आणि अबोला धरायलाही रांग उरली नाही.

क्लास गप्प.
बेननी फळ्यावर लिहिलं: ब्रेक अप, फॉल आउट, फॉल अपार्ट.
मी वहीत तिन्हींपुढे एकच लिहिलं: फुटला.
हा एक शब्द घरी किती जणांना पुरतो,
दुधाला, पेपरला, कपाळाला,
आणि फेब्रुवारीत पिंपळालाही.

व्याकरण ठीक, बेन म्हणाल्या,
पण तू प्रत्येक वाक्य वर नेऊन सोडतोस,
प्रश्न विचारल्यासारखं.
पूर्णविरामाला आवाज खाली आण.

रात्री गॅलरीत घोकत होतो.
माय फादर हॅड अ बँड.
माय फादर हॅड अ बँड.
आत बाबा टीव्ही बघत होते, आवाज बंद करून,
तसाच बघतात हल्ली.
म्हणाले, शेवटचा सूर बसव रे.
लोंबकळत ठेवलास तर लोकांना वाटतं
अजून एक कडवं आहे, नाचत राहतात.
मग ओठ मुडपून, नुसत्या हवेनं,
माझं वाक्य वाजवून दाखवलं,
शब्दांशिवाय.
बँडपाशी अलगद खाली.

काय सांगतोयस तिथे? त्यांनी विचारलं.
तुमच्याबद्दल.
गुलामनबीचं नाव घेतलंस?
घेतलं.

टीव्हीत कुणीतरी षटकार मारला, मुकाट.

मग तेवढं, बाबा म्हणाले,
तेवढं वर राहू दे.