चौथ्या महिन्याचा फोन

टोलिडो, ओहायो. दर महिन्याच्या ठरल्या आठवड्यात
ओडेसा त्याच घरांना फोन लावते.
व्हर्नन कोचिश, वय अठ्ठावन्न. काचेचा कारखाना, बंद.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?"
जानेवारीत म्हणाला, हो, सतरा ठिकाणी.
फेब्रुवारीत, हो.
मार्चमध्ये जरा थांबून, हो... म्हणजे, विचारलं एकाला.

आज एप्रिल. पलीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज,
खोकी बांधताहेत.
"नाही," तो म्हणतो. "शोधलं नाही."

या 'नाही'चं काय होतं, ओडेसाला ठाऊक आहे.
तो आता बेकार नाही. कामावरही नाही.
पान वाढायच्या आधीच
पंगतीतून उठला.

शुक्रवारी आकडा येईल : बेकारी घटली.
खाली बारीक अक्षरात : विक्रीची घरं वाढली.

"आता आठ महिन्यांनी फोन येईल," ती वाचून दाखवते,
"याच पत्त्यावर. जो राहत असेल त्याला."

"मग त्याला एक सांगा," तो म्हणतो.
"पुढच्या खिडकीची काच माझ्या पाळीतली आहे.
फडकं नको, चरे पडतात.
वर्तमानपत्रानं पुसा."