पाण्यातला ठिपका

मंत्रालयाच्या नकाशावर इथे नुसता निळा रंग,
म्हणजे पाणी, म्हणजे कोणी नाही.
होडीवाला मुकेलाबाई मात्र पोटरीवरचा व्रण दाखवत म्हणाला,
हा तिथेच शिवलाय.

ऑक्टोबर. झांबेझी अंग चोरून वाहत होती.
उतरून तासभर वाळू तुडवली, तेव्हा कुठे
पत्र्याचं चर्च दिसलं आणि दोरीवर वाळणारी बँडेजं.
सिस्टर नासिलेले ती गोळा करता करताच बोलत राहिल्या.

खाटा किती?
आता अकरा. पाणी चढलं की चटया मोजा.
मालकी कोणाची? एकाच चौकटीत खूण करायची होती.
औषधं सरकारची, येतात तेव्हा.
छप्पर चर्चचं. फ्रीज कुठल्याशा परदेशी मंडळींचा,
त्यांनी हे गाव पाहिलेलं नाही.
रक्त आमच्याच लोकांचं.
खूण कुठे करायची ते तुमचं तुम्ही बघा, बाई.

बाक जोडून केलेल्या पलंगावर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून.
नकाशातल्या सरकारी केंद्रावर ती आधी गेली होती.
तिथे कुलूप.
मग दोन दिवस चालत इकडे.
रजिस्टरात तिचं नाव होतं, इनोंगे,
आणि बाळाच्या रकान्यात एक रेघ,
पट्टीने आखलेली.

संध्याकाळी ट्रकच्या रिमवर घण पडला.
प्रार्थनेला बोलावताहेत की कोणी जन्मलंय, कळेना.
दोन्हीला तीच घंटा, मुकेलाबाई म्हणाला.
माझा भरवसा बॅटरीवर. मी बाहेर थांबले,
यंत्र उंच धरून उपग्रह शोधत.

निघताना सिस्टरनी विचारलं,
मार्चमध्ये आलात तर कुठे शोधाल आम्हाला?
तेव्हा सगळं होड्यांत चढतं, फ्रीज, क्रूस,
बाळांचा वजनकाटा, रजिस्टरं,
आणि उंचवट्यावरच्या झाडांखाली जाऊन बसतं.
जुलैत परत.
फॉर्मवर पत्त्याला एकच ओळ होती.
मी आजचा पत्ता लिहिला.

लुसाकात आकडे साफ करणारा पोरगा हुशार.
मॅडम, हा ठिपका पाण्यात पडतोय,
चुकलाय, काढून टाकतो.
राहू दे, मी जरा जोरातच म्हटलं.
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं.
एकोणीस मार्च.
पोरगा बरोबर होता.