शून्याची शेपटी

लक्ष्मीपुरीत पाटीचा दर अक्षरावर ठरायचा,
आकडा मात्र अर्ध्या भावात.
आकड्याला काना नाही, मात्रा नाही,
कुंचला एका दमात फिरतो.
मी दस्तगीर अत्तार, पेंटर.
ह्या शहराचा कोड किती वेळा लिहिला
त्याचा हिशेब नाही:
कंस, शून्य दोन तीन एक, कंस पुरा,
शेजारी काळा रिसीव्हर, त्याची वायर पिळाची.
पिळाचे पैसे मी घेत नसे. ती माझी हौस.

कागलचं एक गिऱ्हाईक म्हणालं,
आमचा वेगळा, शून्य दोन तीन दोन पाच.
म्हटलं, गाव एवढंसं आणि कोड केवढा!
मग फळीवर फूटपट्टी ठेवली तेव्हा उमगलं,
कोड लांब तिथं नंबर आखूड,
नंबर लांब तिथं कोड आखूड.
पन्हाळा घ्या, गडहिंग्लज घ्या, आजरा घ्या,
जागा सगळ्यांना सारखीच लागते.
इतका सरळ न्याय मी
दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात बघितला नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलं,
आपला कोड संपतो कुठं?
मगदूम लाइनमन खांबावरून उतरला, पक्कड खिशात घातली,
म्हणाला, नदी बघू नकोस, मैलाचा दगड बघू नकोस,
तार कुठल्या एक्स्चेंजला जाऊन झोपते ते बघ.
हायवेला दोन टपऱ्या दाखवल्या त्यानं,
मधे हातभर गटार.
पंक्चरवाला आपल्यातला,
चहावाला कागलचा.
चहावाल्यानं पंक्चरवाल्याला फोन करायचा तर
आधी शून्य फिरवून गावाबाहेर पडायचं,
मग परत शेजारी यायचं.
“त्यापेक्षा हाक मारतो की,” चहावाला म्हणाला.

ज्या वर्षी सगळ्या नंबरांपुढं दोन लागला
त्या वर्षी मी नुसते दोन लिहीत हिंडलो.
एका दोनाला पाच रुपये.
पाट्यांवर जागा कुठली?
कुठं कंसाच्या पोटात, कुठं रिसीव्हरच्या मानेवर
बारीक दोन बसवला.
त्या पैशात नसीमाच्या लग्नाची भांडी आली.

नसीमा दिली इचलकरंजीला, मागवाल्याच्या घरात.
शून्य दोन तीन शून्य.
एसटीनं तासाभराची वाट,
कोडात फरक शेवटच्या आकड्याचा,
तोही पुरता आकडा नव्हे.
आपला एक म्हणजे तरी काय,
शून्य, आणि खाली ओढलेली शेपटी.
रंगाऱ्याला विचारा. आधी शून्यच काढतो आम्ही,
मग मनगट सैल सोडतो.

तिच्या घरमालकाचा नंबर मी फोनच्या वर भिंतीवर लिहिला,
निळ्या ऑइल पेंटनं, कोडासकट.
रंग जरा पातळ झाला होता.
सकाळी बघतो तर शेवटच्या शून्याला ओघळ,
नेमका खाली, जरा वळून.
इचलकरंजी रातोरात कोल्हापुरात आली होती.
आपल्याच गावाला कोड लावायचा नसतो,
म्हणून नुसता नंबर फिरवला.
मला काय कळत नव्हतं होय? तरी फिरवला.

वाजला. शाहूपुरीत वाजला असेल,
उत्तरेश्वरात असेल, कसबा बावड्यात असेल.
मागं कुकरची शिट्टी, एक बाई म्हणाली, कोण पाहिजे?
म्हटलं, नसीमा.
ती जरा थांबली.
“इथं नाही हो,” म्हणाली,
“असती तर बोलावली असती.”

टर्पेंटाइनची बाटली हाताशी होती,
ओघळ मी पुसला नाही.

आता फ्लेक्स. दहा आकडे, कंस कुठंच नाही.
परवा पापाच्या तिकटीला एक पाटी दिसली,
दुकान गेलेलं, नाव उडालेलं,
कंस आणि कोड तेवढा शाबूत,
आणि रिसीव्हरच्या मानेवर माझा दोन.
त्याचे पाच रुपये
अजून यायचे आहेत.