मिनिटाला वीस थेंब

वरून पाहिलं तर काही कळत नाही.
देठाशी हिरवी चांदणी, खांदे गुबगुबीत,
लाली नुकती चढू लागलेली.
हातात घेऊन उलटा केला
तेव्हा दिसलं बूड:
काळं, आत बसलेलं, चामड्यासारखं चिवट,
जणू कुणी तापलेलं उलथणं टेकवलं.
जिथं फूल होतं, नेमकं तिथंच.

पहिला फेकला. दुसराही.
सातवा मात्र खिडकीशी बसून
उजेडाकडं धरला, सवयीनं.
एकवीस वर्षं मी लोकांची हाडं अशी धरत आले.
आता सगळं पडद्यावर येतं, हात विसरत नाही.
आमच्याकडं कॅल्शियम पांढरं दिसतं
आणि नसेल तिथं काळोख.

कन्नमवारनगरात खिडकीगणिक एक वैद्य.
तांडेलकाकूंनी तिसऱ्यांच्या शिंपल्या दिल्या,
वाळवून, खलबत्त्यात कुटून.
"चार दिवस वास येईल, मग नाही."
आला. अकरा दिवस.
तळमजल्यावरची मांजर दुसऱ्या मजल्यावर राहायला आली.
टपरीवरच्या बडेलालनं बोटभर चुना दिला,
म्हणाला, झाडाकडून कसले पैसे घ्यायचे.
अंड्यांची टरफलं मिक्सरमधून काढली,
आठवडाभर चटणी कचकचली.
शेवटी माझ्या गुडघ्यांसाठीच्या गोळ्यांतली एक
बोटानं मातीत खुपसली.
रात्री माझी, सकाळी तिची.

आठवा टोमॅटो.
बूड काळं.

मग एका नाइटला सिस्टर जयवंती,
माहेर जुन्नरकडचं, लहानपण क्रेटवर बसून गेलेलं,
चहा फुंकता फुंकता म्हणाली,
"मातीत असतं गं सगळं. पोचत नाही.
पाण्याबरोबर चढतं ते,
आणि फळाचं टोक म्हणजे रांगेतलं शेवटचं गिऱ्हाईक.
पाणी कधी घालतेस?"

मी आठवू लागले.
नळ येतो पावणेसहाला, जातो साडेसहाला.
नाइट असली की मी तेव्हा घरी नसते.
तीन दिवस ईश्वरी विसरते.
चौथ्या दिवशी मी ओतते बादलीभर,
अपराध्यासारखी,
आणि कुंडीखालून मातकट ओघळ
खालच्या सामंतांच्या चादरीवर.
त्याच दिवशी लेकीसाठीही आणते
तीन दिवसांचं एकदम:
पेस्ट्री, प्रश्न, नको असताना केसांना तेल.

हे जयवंतीला सांगितलं नाही.

मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट घेतला
(पावती आहे, वॉर्डातला नाही),
अर्ध्या लिटरची बाटली कपड्यांच्या दांडीला उलटी टांगली,
घड्याळ समोर ठेवून चाक फिरवत गेले
जयवंतीनं शिकवलं तसं.
मिनिटाला वीस थेंब.
एक बाटली, एक नाइट.

"पेशंट कसा आहे?" सामंत जिन्यात विचारतात.
चादर आता ते दुसऱ्या बाजूला वाळत घालतात,
तरी विचारतात.

जे काळे झाले ते काळेच राहिले.
ते भरून येत नाही. कुणी सांगितलं तर ऐकू नका.
बूड कापलं, वरचं अर्धं चांगलं निघालं,
त्याचं सार केलं, गूळ जरा जास्त पडला.
ईश्वरीनं वाटी पुन्हा पुढं केली.
मी वाढलं. काही विचारलं नाही.

पहाटे तीनला
कुणा अनोळखी छातीला सांगते:
श्वास घ्या. धरून ठेवा.
त्या धरलेल्या श्वासात विक्रोळीत
एक थेंब.
दुसरा.
सोडा.

नव्या फांदीवर वाटाण्याएवढी तीन फळं आहेत.
एकाच्या टोकाला फूल अजून चिकटलेलं,
सुकून तपकिरी.
बोट तिथवर जातं.
मी ते ओढून काढत नाही.