करडा ठिपका

नोव्हेंबरात हिउमा बेटावर
दुपारी चारलाच दिवस मिटतो.
हेल्वेच्या नावापुढचा हिरवा ठिपका
मी तालिनमधून पाहत बसायचो,
गॅसवरच्या दुधाकडे पाहावं तसा.
तो करडा झाला की वाटायचं,
मी दिलेला पगार कुणीतरी चोरतंय.

मग एकदा मीच गेलो.
तपासायला नाही, असं तिला सांगितलं.
वारा उठला, फेरी रद्द झाली,
आणि दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात
टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
माझा लॅपटॉप.

पहाटे पाचला ती हिशेब जुळवत होती,
पायांत लोकरी मोजे, ओठांत पेन्सिल.
दहाला उठली. लाकडं फोडली.
शेजारच्या एंडेलचे डोळे अधू,
त्याच्या गोळ्या मोजून दिल्या.
तेवढा वेळ ठिपका करडा.
परतली ती एक चूक हातात घेऊनच:
जहाजवाल्यांना आपण दोनदा बिल लावलंय.
कुऱ्हाड उचलताना आठवलं, म्हणाली.

माझा ठिपका मात्र दिवसभर हिरवागार.
मी काय केलं, विचारू नका.

आता मंगळवारी ती येते,
पहिली फेरी धरून, काळ्या पावाचं पुडकं घेऊन.
जाण्यायेण्याचे तास कामात धरतो;
ते तिनंच मागितले,
मी घासाघीस केली, हरलो.
त्या दिवशी स्क्रीन बंद.
भांडायचं ते समोरासमोर भांडून घेतो.

बाकीचे दिवस
मी खिडकीबाहेर पाहतो.
दूध उतू जात नाही.